चिमणीपुरती फट

वहिनीचा फोन आला तेव्हा मी खाली दादाच्या बागेत कबुतरं हाकलत होते. हे काम मला दादानंच लावून दिलं होतं. पनवेलच्या दवाखान्यात, बोलायला दम नाही, तरी आदल्या दिवशी ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून मला म्हणाला होता, "मंगे, चिमण्यांचं बघ. कबुतरं बसू देऊ नको." मला बरं वाटलं होतं. म्हटलं, माणूस चिमण्यांच्या बाजरीची काळजी करतोय म्हणजे घरी यायचं बघतोय. दुसऱ्या दिवशी दुपारी पेरूच्या झाडाखाली मी काठी आपटत उभी आणि फोनवर वहिनी नुसती "मंगल… मंगल…" म्हणत राहिली. पुढचं तिला सांगावं लागलं नाही. काठी तशीच हातात घेऊन मी रिक्षात बसले होते, हे मला दवाखान्याच्या दारात वॉचमननं अडवल्यावर कळलं.

याला आता सव्वा महिना होऊन गेला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मूळचे आम्ही साताऱ्याकडचे. तो तरुणपणीच इकडं आला आणि नवी मुंबईत पावणे गावाला एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथ मशीनवर लागला, तो तिथूनच रिटायर झाला. पनवेलजवळ करंजाड्यात घर घेताना सगळे वरचा मजला बघत होते, हवा येते म्हणून. यानं तळमजला घेतला, कारण मागं आठ-दहा पावलं माती होती. माझे मिस्टर गेल्यावर त्यानंच मला याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर, गच्चीच्या खाली, भाड्यानं जागा बघून दिली. "एकटी राहा, पण माझ्या डोक्यावर राहा," म्हणाला. मी जवळच बालवाडीत शिकवते. सकाळी नवाला जाते, एकला येते. येताना त्याच्या बागेत डोकावल्याशिवाय मी कधी जिना चढले नाही.

त्या मातीत त्यानं पेरू लावला, जास्वंद लावली आणि एक दिवस प्लॅस्टिकचा कॅन कापून त्यात बाजरी भरून पेरूला टांगला. चिमण्या आल्या. आठवडाभर हा माणूस चहा घेऊन खुर्चीत, हलायचं नाही, कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. मग एक कबुतर आलं. दुसऱ्या दिवशी ते आपलं सगळं गणगोत घेऊन आलं. चिमण्या कुंपणावर बसून बघत राहायच्या आणि दादाच्या कपाळावरची शीर तटतटायची. गाण्यांच्या जुन्या चकचकीत सीडी टांगल्या. कबुतरांनी त्यात आपली तोंडं बघितली. रबरी साप आणून ठेवला; त्याला कबुतरं घाबरली नाहीत, वहिनी घाबरली आणि तो साप त्याच दिवशी कचऱ्यात गेला. शेवटी दादातला कारागीर जागा झाला. म्हणाला, "चिमणीला जागा लागती किती आणि कबुतराला किती, एवढंच तर गणित आहे." लोखंडी गज वाकवून त्यानं कॅनभोवती वीतभर अंतर सोडून पिंजरा केला, म्हणजे बाहेरून चोच घातली तरी दाण्याला पोचायला नको. गजांमधली फट ठेवली पन्नास एमएम. तिथं गणित चुकलं. एक हडकुळं कबुतर अंग चोरून आत शिरलं, पोट फुटेस्तोवर खाल्लं आणि फुगल्यावर त्याला त्याच फटीतून बाहेर येता येईना. त्याची फडफड बघवेना, तेव्हा दादानं कटर घेतला आणि दोन दिवस खपून केलेला पिंजरा स्वतःच्या हातानं कापला. कबुतर उडालं ते समोरच्या पत्र्यावर जाऊन बसलं. मी हसून हसून बेजार. तो म्हणाला, "हस. शत्रू असला म्हणून काय, उपाशी आत आला होता बिचारा." दुसरा पिंजरा पस्तीस एमएमचा केला, प्रत्येक फट मोजमापाचा व्हर्नियर लावून तपासली. तोच अजून आहे. सकाळी बाजरी भरली की तो झाकणावर बोटानं दोनदा टकटक करायचा. चिमण्यांना ती कळायची. आम्हाला हसू यायचं, पण कळायची खरी.

खोकला गेल्या वर्षी लागला. कोरडा, ठसका लागल्यासारखा. वर्कशॉपची जुनी धूळ आहे, जाईल, असं तो म्हणत राहिला. औषधं झाली, काढे झाले, खोकला हटेना. तेव्हा मी आमच्या गावच्या देवीला नवस बोलले. माझ्या दादाचा खोकला थांबू दे, मी सव्वाशे दिवस पाखरांना जोंधळा घालीन. आमच्याकडं आईनंही घातला होता, वडील आजारी असताना. गावाकडं अंगणात टाकला की चिमण्या, साळुंक्या, होले, सगळी येत. इथं अंगण कुठून आणणार? खाली दादाच्या बागेत टाकला तर कबुतरं येणार आणि तो बोलणार. म्हणून मी गच्चीवर टाकायला लागले, सकाळी साडेसहाला, कुणाला न सांगता. आणि गच्चीवर पाखरं म्हणजे काय येणार… कबुतरंच आली. मी मनाला समजावलं, देवीला काय, पाखरू ते पाखरू.

नव्वदावा की एक्क्याण्णवावा दिवस होता, आम्ही मोठ्या डॉक्टरांकडं गेलो. सीटी स्कॅन लावून ते बघत होते. फुप्फुसं आतून कडक होत चाललीत म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "घराजवळ कबुतरं आहेत का?" दादाला हसू आलं आणि हसण्यातून खोकला. "साहेब, त्यांच्याशी तर माझी लढाई चाललीय." डॉक्टर हसले नाहीत. वर्कशॉपच्या धुळीचाही हात असेल, नक्की कुणाचा किती ते सांगता येत नाही, पण कबुतराच्या विष्ठेपासून, पिसांपासून लांब राहायचं, झाडायचं तर अजिबात नाही, असं त्यांनी निक्षून सांगितलं. मी शेजारच्या खुर्चीत होते. माझ्या पर्समध्ये दुसऱ्या दिवशीच्या जोंधळ्याची पिशवी होती.

त्या दिवशी मी थांबायला हवं होतं. किती सोपं वाक्य आहे हे. पण नवस अर्ध्यात टाकला तर तो ज्याच्यासाठी बोलला त्याच्यावरच उलटतो, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. पस्तीसएक दिवस उरले होते. थांबावं तर दादाचं वाईट होणार, चालू ठेवावं तरी दादाचंच. मी गच्चीवर उभी राहून रडायचे आणि दाणे टाकायचे. म्हणायचे, तो तळाला, गच्ची तिसऱ्या मजल्याच्याही वर, त्याला काय लागतंय? गच्ची हिराबाई झाडायची. हिराबाई जवळच्या नावडे गावची, बिल्डिंगची साफसफाई तिच्याकडं. रोज बालवाडीतून आल्यावर मी वर बघायचे, फरशी स्वच्छ धुतलेली. सोसायटीच्या बोर्डावर नोटीस लागली, कबुतरांना दाणे घालू नयेत. मी ती वाचली, दोन दिवस जिन्यात कुणी भेटलं की खाली बघून जायचे. पण मला कुणी काही विचारलं नाही.

एकदा बालवाडी लवकर सुटली. जिन्यात दादा भेटला. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये, कठडा धरून, ओठ निळसर. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. मी त्याच्यावर ओरडलेच. "तुला दोन पावलं चालवत नाही आणि वर कुठं गेला होतास?" तर म्हणाला, "टाकी बघायला. पाणी कमी येतंय." मी त्याला धरून खाली आणलं आणि वाटेत काय काय बोलले. हट्टी आहेस, कुणाचं ऐकत नाहीस, वहिनीचा तरी विचार कर. तो कठडा धरून एकेक पायरी उतरत राहिला. शर्ट भिजलेला होता. घाम असेल असं मला वाटलं.

नवस पुरा झाला. त्यानंतर तीन आठवड्यांनी दादा गेला.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. मग मी गच्चीवर गेले तर पाऊल ठेवायला जागा नाही. विष्ठा, पिसं, वास. जोंधळा बंद झाला तरी कबुतरं यायची थांबली नव्हती. मी हिराबाईला विचारलं, काय गं, गच्ची झाडायची सोडलीस का? तिनं हातातली बादली खाली ठेवली. मग खाली बसली. "ताई, गच्ची मी तं कवाच सोरली. तुमचे दादाच झारीत होतं. तुमी शालेत गेल्या का यायचं. पयलं बादलीनं पानी मारायचं, नाकाला रुमाल बांधायचं, मंग खराटा." मी विचारलं, कधीपासून? "नोटीस लागली तवापासून. मी सेक्रेटरीला नाव सांगनार होते तुमचा. दादा बोलले, नको हिरा, गच्ची साफ रायेल, मी बोलतो त्यांच्याशी. मी बोलले, दादा, डाक्टरनी नाय सांगलंय ना तुमाला? मंग बहिनीलाच सांगा का दाने टाकू नको." हिराबाईनं पदर डोळ्याला लावला. "तर बोलले, आमचे आयनं बापासाटी केलता, तसाच तिनं माज्यासाटी नवस केलाय. तो मोरला आनि उद्या मना काय झाला, तं ती जलमभर बोलंल का माज्यामुलं झाला."

मी तिथंच बसले, त्या घाणीत. दादा, तू माझ्या जन्मभराचं ओझं वाचवायला गेलास आणि बघ, तेच घेऊन बसलेय मी. तुला नवसाचं कळलं होतं तर एकदा कान धरून विचारायचं होतंस. लहानपणी मी चिंचा चोरल्या तेव्हाही तूच मार खाल्लास. तेव्हा निदान वळ उठलेले मला दिसले तरी होते. माझ्यावर किती रागवायचं राहिलंय तुझं… मी रोज वाट बघते की कुणीतरी मला रागवावं.

हे लिहायचं मनात आलं तेव्हा पहिली भीती वहिनीची वाटली. तिनं हे वर्तमानपत्राच्या पुरवणीत वाचावं आणि मग माझं तोंड बघावं, हे बरं नाही. आधी सांगायला हवं. परवा संध्याकाळी खाली गेले. ती मेथी निवडत होती. मी जोंधळ्यापासून सगळं सांगितलं, मध्ये कुठं थांबले नाही. ती निवडतच राहिली. जुडी संपली, तेव्हा म्हणाली, "ठाऊक आहे मला. रोज तो रुमाल कोण धूत होतं असं वाटलं तुला?"

मी तिच्यासमोर खाली बसले.

"मी भांडले त्यांच्याशी," ती म्हणाली. "दोन दिवस बोलले नाही. मी तुला सांगते म्हणाले, तर त्यांनी गळ्याची शपथ घातली. मग म्हटलं, ऐकणारच नाहीत तर निदान… माझ्या जुन्या साडीचं आतून दुहेरी अस्तर शिवून दिलं रुमालाला." तिनं देठं गोळा केली. "तुझा राग आला होता मंगल. खोटं नाही बोलत. अजून येतो कधीकधी. पण तू दाणे टाकताना वरून रडण्याचा आवाज यायचा आणि ते इथं या खुर्चीत बसून ऐकायचे. त्या आवाजापुढं माझं काय चालणार होतं?"

पेरूवर पस्तीस एमएमचा पिंजरा आहे. बाजरी मी भरते, झाकणावर दोनदा टकटक करते. चिमण्या येतात, पण जरा थांबून येतात, बोट ओळखीचं नाही म्हणून असेल. गच्चीही आता मीच झाडते. खराटा त्याचाच, मागच्या भिंतीला टेकलेला सापडला. आधी पाणी मारते, मग नाकाला त्याचा रुमाल बांधते. खाली आले की वहिनी हात पुढं करते. मी गाठ सोडून रुमाल तिच्या हातात देते आणि ती तो धुवायला घेते.