एक्स्पॉस्ट्युलेट म्हंजे काय

शाळेत नाव घालाय गेलो, तवा मॅडमनी लेकीला इचारलं, घरात कुठल्या देवाची पूजा करता. लेक चार वर्साची. ती म्हणाली, "पूजा न्हाई. वंदना." आणि हात जोडून, डोळं मिटून नमो तस्स म्हणाय लागली. घरात रोज म्हणती तशीच.

मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

त्याच्या आधी लेकीनं रंग सांगितलं, आकडं सांगितलं, कविता म्हटली, मॅडम हसत हुत्या. टोपण लावलं आणि हसू गेलं. म्हणाल्या, हिला आमच्या शाळेत जड जाईल, दुसरीकडं बघा.

इंग्रजी शाळा. मंगळवार पेठेतनं मायलेकी चालत गेलेलो. मी सातवीपत्तोर शिकल्याली, त्यातबी इंग्रजीच्या तासाला तोंड शिवल्यागत. लेकीचं तसं हुऊ नये, एवढ्यासाठी गेल्ते. शिपायानं बाकीच्या आयांस्नी बसा म्हटलं, मला न्हाई, मी हुबीच. तरी कुठनं धीर आला कुणाला म्हाईत. म्हटलं, मॅडम, सगळं सांगितलं की तिनं, मग का न्हाई?

मॅडमनी वर बघितलं बी न्हाई. "डोन्ट एक्स्पॉस्ट्युलेट विथ मी."

मागं एक आई फिस्सकन हसली. मग दुसरी. मला वाटलं शिवी दिली. मान खाली घातली, लेकीचा हात धरला आणि बाहीर. रस्त्यानं लेक उड्या मारत त्योच शब्द म्हणती. तिला खेळ. माझ्या कानात जाळ.

घरात हे म्हणालं, सोड, म्युन्सिपाल्टीची शाळा हाय की. मला सोडवंना. सांजच्याला विहाराच्या अभ्यासिकेत गेले. तिथं भरतीचा अभ्यास करणारा गल्लीतला एक दादा हुता, त्याला म्हटलं, एवढा शब्द बघ. मला नीट म्हणता येईना, लेकीनंच म्हणून दावला. त्यानं जाडजूड डिक्शनरी काढली, बोट फिरवलं आणि वाचलं. तोंडावर हरकत घेणं. समोरच्याचं चुकतंय हे त्याला कारण देऊन सांगणं.

शिवी नव्हती. मी जे केलं त्येचं नाव हुतं.

दादा म्हणाला, लॅटिनातनं आलाय, लई जुनी भाषा. मुळात अर्थ मागणं. "भीक न्हवं वैनी. ठासून मागणं. कोर्टात उभं राहून मागत्यात तसं."

मागणं म्हटलं की मला माझी आजी दिसती. नेसरी गावची. टोपली घेऊन दारोदार, लांब हुबी. भाकर वाढा वं माय. शिळी भाकरी वरनं टाकायचे, हात लागाय नको म्हणून. आमच्यात मागणं म्हंजे एवढंच म्हाईत. मान खाली. आणि सकाळी मीबी तशीच मान घालून बाहीर आल्याली. लेकीच्या म्होरं.

तवा राग आला. वंदना म्हटली म्हणून पेन मिटतं? चार वर्साच्या पोरीचं? आणि का म्हणून इचारायचं बी न्हाई?

दुसऱ्या दिवशी परत गेले. पदर घामानं भिजलेला. शिपाई म्हणाला, "ओ बाई, झालं की काल तुमचं." मी खुर्ची ओढली. बसले. लेकीला मांडीवर घेतलं. मॅडम आल्या, तर बसूनच म्हटलं, "कारण सांगा. मराठीत सांगा. हिच्यासमोर."

म्हणाल्या, जागा भरल्या.

"काल तसं म्हणाला न्हाईसा. काल पेन मिटलासा."

मॅडम कागद चाळाय लागल्या. त्या दिवशी कुणी हसलं न्हाई.

मॅडमनी कारण आजपत्तोर सांगितलं न्हाई. जागाबी दिली न्हाई. लेक म्युन्सिपाल्टीच्या शाळेत जाती.

पर आता आमच्या गल्लीतली कुठलीबी आई लेकरू घिऊन असल्या शाळेत निघाली की मी संगं जाते. भ्या अजून वाटतं. शिपाई इचारतो, तुम्ही कोण. मी सांगत न्हाई. दोन खुर्च्या ओढते, तिला एक, मला एक. आणि मॅडमच्या हातातल्या पेनाकडं बघत बसते.

त्येला टोपण लागू दे फकस्त. मी इचारणार.