सावडीचे हजार तास

महाराष्ट्रात मोजण्यासारखं जे जे होतं ते सगळं आमच्या साडूंनी मोजून टाकलं. देव तेवढा राहिला. तो पगारी की मानसेवी, याचा लेखी खुलासा त्यांना अजून कुणी दिलेला नाही. चकलांब्याच्या अलीकडच्या एका गावात हे गृहस्थ जन्मभर सोसायटीचे सचिव होते आणि निवृत्त झाल्या दिवसापासून त्यांनी एकच ध्यास घेतला: माणसं फुकट जे काम करतात, त्याची बेरीज. "पाहुणे," ते मला म्हणायचे, "देशाच्या उत्पन्नात उसाचं टिपरू धरतात, सरकीची पेंड धरतात. आमच्या उस्मानभाईनं गावाचा पंप अकरा तास उताणा पडून दुरुस्त केला, एक पैसा घेतला न्हाई. त्यो कुठं धरलाय? देश हाय त्याच्यापेक्षा लई श्रीमंत हाय. फक्त कुणी वही धरली न्हाई."

वही त्यांनी धरली. लग्नात वाढपी किती, पंगत किती वेळ चालली, हे मोजता मोजता त्यांचा स्वतःचा भात गार व्हायचा. भजनी मंडळाचे तास लिहिताना टाळ चुकला तेवढा वेळ ते वजा करत. एकदा स्मशानातून परतताना, सगळी माणसं खाली मान घालून चाललेली, आणि हे माझ्या कानाशी: "चार खांदेकरी, पाऊण तास. तीन तास भरले." मयताचा थोरला भाऊ मागं वळून बघायला लागला, तर त्यालाच विचारलं, "मडकं तुम्हीच धरलं होतं ना?" नियम कडक होता. ज्याच्यासाठी काम झालं त्याची सही किंवा अंगठा असल्याशिवाय नोंद नाही. सुदैवानं त्या तीन तासांना त्यांनी सूट दिली.

मग तो दुष्काळ आला. टँकर आला की घागरी आपोआप चालत जाऊन रांगेत उभ्या राहायच्या, इतकी त्यांना सवय झाली. गावामागचा तलाव गाळानं भरला होता. एक संस्था म्हणाली, गाळ काढायला यंत्र फुकट देतो, पण गावानं आधी हजार तास फुकट राबल्याचं दाखवा. पावसाच्या आत गाळ निघाला तरच पाणी साठणार. साडूंना वाटलं, आपला जन्म याच दिवसासाठी झाला. लोक टोपल्या घेऊन तलावात उतरले, कुणी टँकरचं पाणी वाटलं, आणि पाडव्याच्या सुमारास हजार तास भरले. साडूंनी पारावर उभं राहून एकेक नाव वाचून दाखवलं.

तिथंच घात झाला. आमच्याकडं सावडीचा कायदा सगळ्यांना पाठ: आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. वहीत तास साडूंनी लिहिले, म्हणजे ते साडूंनी घेतले, असा गावानं सरळ अर्थ लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी सरूबाई दारात. "सचिवसायेब, माजे सा तास हायेत नव्हं तुमच्याकडं? मग या आज कापसाच्या पऱ्हाट्या उपटायला."

दुसऱ्या कुणीही समजावून सांगितलं असतं. पण जे स्वतःच्या अक्षरात लिहिलं ते नाकारायचं नाही, ही सोसायटीतली सवय. निघाले टोपी घालून! सरूबाईच्या पऱ्हाट्या झाल्या, मग दुसऱ्याच्या बांधाचे दगड, तिसऱ्याचा गोठा. उस्मानभाईनं तर अख्खं दुकान आवरून घेतलं. सुट्टीत मी माझ्या गावाहून, कड्याहून, तिकडं गेलो, तेव्हा त्यांच्या दारात टँकरपेक्षा लांब रांग होती आणि माझी मेहुणी त्यांच्या तळहातांना हळद-तेल लावत होती.

संस्थेचे साहेब दुसऱ्या दिवशी येणार, आणि त्या दुपारी साडू लाल पेन घेऊन नोंदी खोडत बसले. चारशे तास गेले. सरपंच धावत आले.

"सायेब, कावून गावाच्या तोंडचं पाणी पळवता?"

"मी फेडले ते तास. फेडलेलं काम फुकट कसं?"

"कुणाला कळतंय?"

"मला कळतंय."

सरपंचांनी डोकं धरलं. मेहुणी तेलाची वाटी ठेवून म्हणाली, "सरूच्या पऱ्हाट्या तुमी उपटल्या. तिनं तुमाला काय दिलं?"

"चहा."

"चहाचं ऱ्हाऊ द्या. त्या तासांची फेड केली का कुणी? न्हाई. मग चारशे तास मेले का? सरूच्या अंगावरून उतरले अन् तुमच्या अंगावर चढले. ल्ह्या की सोताच्या नावावर."

साडू घटकाभर चूक शोधत राहिले. सापडली नाही. पण सह्या हव्यात! मग तीच रांग पुन्हा दारात लागली, या खेपेला माना खाली घालून. अंगठा उठवताना सरूबाई रडकुंडीला आली. "मला वाटलं सावड हाय. तुमी बोलला कावून न्हाईत?"

"तुम्ही मागितलं," साडू म्हणाले.

"आन् मी दुकान झाडून घेतलं! तोबा, तोबा," उस्मानभाईनं दोन्ही कान धरले.

सकाळी साहेबांनी वही चाळली. "चारशे तास एकाच माणसाचे?"

"सायेब," सरूबाई मागून ओरडली, "त्यो माणूस न्हाई, सोसायटी हाय!"

यंत्र आलं. ते तलावात उतरलं तेव्हा काही काम नसताना सगळं गाव टोपल्या घेऊन काठावर हजर होतं. कुणी बोलावलं नव्हतं आणि लिहून घ्या असं कुणी म्हणालंही नाही. त्या पावसाळ्यात तलावात पाणी दिसलं. पुढच्या उन्हाळ्यात घागरी रांगेचा रस्ता विसरल्या.

आता साडूंचे गुडघे गेले. खाट अंगणात असते, आणि तिच्याभोवती आळीपाळीनं कुणीतरी बसलेलं असतं. मीही जातो. उठायला लागलो की ते घड्याळ बघतात. "सव्वा तास, पाहुणे. फेडायला येतो एकदा कड्याला."

पूर्वी मी म्हणायचो, राहू द्या हो. आता म्हणतो, "या की. पऱ्हाट्या तशाच उभ्या ठेवल्यात." मग ते खूश होऊन खाटेखाली पायानं चपला चाचपायला लागतात.