अपसूर्य आणि अप्पांचा खोकला

आमच्या उचगावात तालमीबाहेर एक काळा फळा आहे. कोण वारलं, कुणाचं बारसं, पाणी कधी येणार, सगळं त्यावर. मी शाळेत भूगोल शिकवते, अक्षर बरं आहे, म्हणून रविवारी त्याचा एक कोपरा मला दिलेला. जुलैच्या सुरुवातीला मी लिहिलं : ‘अपसूर्य – ग्रहाच्या कक्षेतला सूर्यापासून सर्वांत दूरचा बिंदू. या आठवड्यात पृथ्वी तिथे आहे. चंद्र पृथ्वीपासून सर्वांत दूर जातो, त्या बिंदूला अपभू म्हणतात.’

कुण्या दीडशहाण्यानं त्याचा फोटो काढून खाली जोडलं, ‘सूर्य लांब गेल्यामुळे ऑगस्टअखेरपर्यंत थंडी, खोकला राहील. घाबरू नये.’ दुपारपर्यंत ते गावभर फिरलं.

अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तेव्हा दोन महिने खोकला होता. कागलच्या एमआयडीसीत उभं आयुष्य त्यांनी फाउंड्रीत वाळूचे साचे केले. छातीचा फोटो काढू या म्हणून मी हात धुऊन मागे लागले होते. कसेबसे सोमवारी यायला कबूल झाले होते. रविवारी संध्याकाळी त्यांनी मोबाइल माझ्यापुढं धरला.

“सूर्यच लांब गेलाय, त्याला डॉक्टर काय करणार हाय?”

“अप्पा, ते खालचं कुणीतरी घुसडलंय.”

“अक्षर तुझंच हाय न्हवं?”

“वरचं माझं आहे.”

“मग? एवढी शिकलेली बाई खोटं लिहिती व्हय?”

मी घसा फोडून सांगितलं. अंतरामुळं थंडी पडत असती तर जानेवारीत, पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असताना, घामाच्या धारा लागल्या असत्या. थंडी येते ती पृथ्वीच्या कललेल्या आसामुळं. अप्पा नुसते हसले आणि सोमवारी आलेच नाहीत. मी फळ्यावर दुरुस्ती लिहिली, तिचा फोटो मात्र कुणी काढला नाही. मला संताप आला होता, त्या पाठवणाऱ्याचा, अप्पांचा आणि माझ्या वळणदार अक्षराचाही.

ऑगस्ट गेला. “परत यायला येळ लागतोय की त्याला,” अप्पा खोकत म्हणाले. दिवाळीत जिना चढता चढता ते मधेच खाली बसले, तेव्हा उचलूनच नेलं. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि मला बाहेर बोलावलं.

“फार पसरलंय. आधी का नाही आणलं?”



आता जानेवारीचा पहिला आठवडा आहे. अप्पा घरीच खिडकीपाशी असतात, नाकात ऑक्सिजनची नळी. परवा त्यांनी खुणेनं मला जवळ बोलावलं.

“आता सूर्य जवळ आलाय न्हवं?”

“आलाय अप्पा. सगळ्यात जवळ.”

“मग उतरंल की खोकला.”

इतकी वर्षं मी पोरांची चुकीची उत्तरं लाल पेनानं खोडत आले.

“व्हय अप्पा,” मी म्हणाले. “आता उतरंल.”