पद्याचा उजवा हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. कॅमेऱ्यासमोर तासभर न थांबता बडबडणारा माणूस मी — पण हे नाही. बायकोला नाही. आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. आता तुम्हाला सांगतोय तेही तुम्ही समजून घ्यावं म्हणून नाही. समजून घेऊ नका. मला माझाच इतका संताप आलाय, की तो आता आत मावत नाही.

मी हर्सूलला राहतो. कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवतो आणि उरलेल्या वेळात एक चॅनल चालवतो — स्वस्तातले माउस, कीबोर्ड, हेडफोन आणायचे, वापरायचे आणि मराठीत सांगायचं, घ्या किंवा घेऊ नका. बघणारे फार नाहीत, पण जे आहेत ते विश्वासानं बघतात. 'भाऊ, तुम्ही म्हणालात म्हणून डोळे झाकून घेतला.' अशा कॉमेंट वाचून पूर्वी छाती फुगायची. आता वाटतं, कशाला झाकता रे डोळे? उघडे ठेवायला काय होतं तुम्हाला?

बघा — लगेच दुसऱ्यावर ढकलायला लागलो. ही माझी जुनी खोड आहे.

तर, दीड-दोन वर्षांपूर्वी एका कंपनीनं मला माउस पाठवला. वायरलेस, गेमिंगचा, वजनाला हलका, खिशाला परवडणारा. कंपनीकडून माझ्या नावानं आलेलं ते पहिलंच पार्सल. त्याआधी सगळं पदरमोड करून आणायचो. कुरिअरवाल्याच्या कागदावर मी सही अशी केली, जसा काही सातबाराच माझ्या नावावर होतोय.

मी तो मन लावून तपासला, एवढं मात्र खरं. खोक्यावर एकोणसाठ ग्रॅम लिहिलं होतं. सराफ्यातल्या ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर ठेवला, तर एकसष्ट भरला. सोनार म्हणाला, "आत काई घातलंय का नाय? लईच हलकं लागायलंय." हातात छान बसायचा. क्लिकचा आवाज कोरडा, स्पष्ट. कापडी पॅडवर कुठं अडकायचा नाही. बाजूची बटणं जरा डुगडुगत होती, पण या किमतीत तेवढं चालतं. तीन दिवस मी खूश होतो.

चौथ्या दिवशी क्लासमध्ये एक फाइल ओढून दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकत होतो, ती मधेच सुटली. पुन्हा ओढली — पुन्हा सुटली. डावं बटण मी दाबून धरलेलं, बोट जागचं हललेलं नाही, आणि माउसच क्षणभर ते सोडून देतोय. चार्जिंगला लावला, मग नीट चालला. दुसऱ्या दिवशी बॅटरी निम्म्याखाली उतरली आणि पुन्हा तेच सुरू झालं. म्हणजे दोष सापडला. गेमिंगच्या माउसमध्ये याहून वाईट दोष कुठला असतो? तुम्ही बंदुकीचा घोडा दाबून धरलाय आणि गोळ्या आपोआप थांबल्यात!

व्हिडिओत मी यातलं एक अक्षर तोंडातून काढलं नाही. 'या किमतीत याला तोड नाही' असं म्हणालो, तेही हसून.

तुम्हाला वाटलं असेल, झालं, हाच तो गुन्हा. मीही बरेच दिवस स्वतःची अशीच समजूत घालत होतो — एक खोटा व्हिडिओ, त्यात काय, सगळेच करतात. पण तेवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसलो असतो का?

पद्या. खरं नाव प्रदीप, पण त्याला प्रदीप त्याची आईसुद्धा म्हणत नाही. चितेगावच्या एका कारखान्यात, साचे बनवणाऱ्या टूलरूममध्ये, तो ग्राइंडिंग मशीनवर होता. लोखंडाचा तुकडा केसाच्या जाडीपेक्षाही कमी घासायचा, आणि सगळी मदार हँडलवरच्या हातावर. साहेब लोक नव्या मुलांना त्याच्या शेजारी उभं करायचे — बघा, हात कसा चालतो ते. त्याच्या सुट्टीच्या दिवशी आमचा क्लासही बंद असायचा. दुपारी आम्ही पाच जण तिथंच जमून कॉम्प्युटरवर बंदुकांचा गेम खेळायचो. सहा वर्षं. शहरातल्या बारीकसारीक स्पर्धांतही उतरायचो. कॅप्टन मी, कारण कॉम्प्युटर माझ्या ताब्यात. खेळायला सगळ्यांत भारी पद्या. हे सगळ्यांना ठाऊक होतं, मला तर सगळ्यांत जास्त.

पद्यानं माझा व्हिडिओ बघून तोच माउस घेतला. मला विचारलंसुद्धा नाही. मी व्हिडिओत सांगितलंय म्हटल्यावर वेगळं काय विचारायचं? आणि महिनाभरात त्याचा खेळ घसरला. नेम धरायचा बरोबर, पण गोळ्या मधेच तुटायच्या. एका स्पर्धेत समोर शेवटचा गडी उघड्यावर उभा, पद्यानं बटण दाबलेलं, आणि बंदूक गप्प. आम्ही हरलो.

"मह्या, ह्या माउसातच कायतरी लोचा हाय," तो मला म्हणाला. सगळ्यांसमोर.

आणि मी — ज्याला तो लोचा नेमका काय आहे, कधी होतो, कशानं थांबतो हे सगळं ठाऊक होतं — मी म्हणालो, "माउस चांगलाय. तुझा हात सुटतोय."

पुढच्या सुट्टीला त्यानं माउस आणून माझ्यापुढं ठेवला. तूच बघ म्हणाला. सरळ बोलला, रास्त बोलला. तेव्हा मी काय केलं ते नीट ऐका. मी म्हणालो, बाकीचे यायच्या आत नाक्यावरून भजी आण, आणि येताना चहा सांगून ये. तो गेला. मी माउसला चार्जिंगची वायर जोडली आणि घड्याळाकडं बघत बसलो. अर्धा-पाऊण तास. जिन्यात त्याच्या चपला वाजल्या तशी वायर काढली, गुंडाळली, ड्रॉवरमध्ये टाकली, माउस होता तिथं होता तसा ठेवला. मग चौघांसमोर मी त्याच माउसनं पंधरा मिनिटं खेळून दाखवलं. एकदाही क्लिक सुटलं नाही. कसं सुटेल?

"बघ," मी म्हणालो, "माझ्या हातात चालतोय."

पद्या स्वतःच्या पंजाकडं बघत राहिला. मूठ मिटली, उघडली. मग म्हणाला, "व्हय रे. हातच सुटायलाय माझा." आणि त्यानं भजी सगळ्यांना वाटली.

भीतीनं केलं, असं म्हणू का? व्हिडिओ खोटा पडेल ही भीती होतीच. पण तिच्या आड मला लपायचं नाही. मला बरं वाटलं होतं हो! सहा वर्षं ज्याच्या खेळाकडं सगळे माना वळवून बघायचे, तो मान खाली घालून बसला होता आणि सगळे माझ्याकडं बघत होते. त्या पंधरा मिनिटांत मी खूश होतो. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पद्यानं खेळणं सोडलं. पण तो सरळ माणूस. सरळ माणसांचा मला राग येतो — दुसऱ्याचं खोटंसुद्धा ते प्रामाणिकपणे शेवटपर्यंत नेतात! एक दिवस तो आपणहून साहेबांकडं गेला आणि म्हणाला, माझा हात चुकायलाय, मला मशीनवर ठेवू नका. त्याच्या कामाबद्दल कुणाची तक्रार नव्हती. एक तुकडा वाया गेला नव्हता. साहेबांनी समजावलं, थांबायला सांगितलं, शेवटी त्याच्या हट्टापुढं त्याला पॅकिंगला पाठवलं. आता तो खोक्यांना चिकटपट्ट्या लावतो. नसांच्या डॉक्टरांनी हात तपासून ठणठणीत आहे म्हणून सांगितलं. त्याला पटलं नाही. मला म्हणाला, "डॉक्टर दोन मिंटं बघतंय. तू सहा वर्षं बघायलायस."

तेव्हा तोंड उघडायला काय झालं होतं मला? मी म्हणालो, "जप हाताला." जप! मी हे बोललो!

तो व्हिडिओ अजून तसाच आहे. काढला तर लोक विचारतील, का काढला. म्हणून काढला नाही. बघणारे वाढतायत.

गेल्या महिन्यात पद्याच्या मुलीचं बारसं होतं. दारातच रेखावहिनी, पद्याची बायको, म्हणाल्या, "भाऊजी, तुमी येळंवर सांगितलं म्हनून बरं झालं. नायतर मशीनीत हात गेला असता ह्यांचा." माझे आभार मानत होत्या त्या. मी मान हलवली.

नाव ठेवून झालं, पाळणा म्हणून झाला. कुणीतरी फोटोसाठी बाळ उचलून पद्याच्या पुढं धरलं. तो मागं सरकला. "नको, उभ्यानं नको. हात सुटला म्हंजे?" असं म्हणून हसला. सगळे हसले. मग तो भिंतीला टेकून खाली बसला, मांडीवर उशी मागून घेतली आणि बाळाला त्या उशीवर ठेवायला लावलं. डाव्या हाताच्या एका बोटानं त्यानं तिच्या गालाला स्पर्श केला. उजवा हात मांडीखाली दाबून ठेवला होता. फोटो काढून होईपर्यंत तो त्यानं बाहेर काढला नाही.

मी चार पावलांवर उभा होतो. एक वाक्य पुरलं असतं. माणसं घरची होती, घाई कुणालाच नव्हती.

तेवढ्यात वहिनी ताट घेऊन आल्या. "घ्या की भाऊजी, लाजताव कामून?" मी ताट घेतलं. जेवलो. दुसऱ्यांदा वाढायला आल्या, तेव्हाही नको म्हणालो नाही.