नखेकाकांची रेघ

नवा माणूस भेटला की आपण आधी त्याच्या तोंडाकडे बघतो. नखेकाका बोटांकडे बघायचे. लग्नाच्या मांडवात असो की मुरबाडच्या एसटी स्टँडवर, समोरच्याची नखं वाढलेली दिसली की त्यांचा चेहरा खुलायचा, खिशातून नेलकटर निघायचा आणि "जरा हात दावा बघू" म्हणत ते कागदाची पुडी पुढे धरायचे. एकदा त्यांनी चालत्या गाडीत कंडक्टरला पकडलं. डाव्या हाताची कापून होईतो सरळगाव आलं, काका उतरले, आणि तो बिचारा उजव्या हाताची नखं तशीच घेऊन पुढे टोकावड्याला गेला.

हा त्यांचा छंद नव्हता, नोकरी होती. मी तेव्हा पीएच.डी. करत होते आणि शहापुरात आमचं दोन खोल्यांचं नमुना केंद्र होतं. नमुने म्हणजे एका खोलीत सुकी मासळी आणि दुसऱ्या खोलीत माणसांची नखं. ती धुवायची, वाळवायची, बारीक करायची आणि शहरातल्या मोठ्या यंत्राकडे पाठवायची. विषय समुद्रातल्या अन्नसाखळीचा. आसनगावच्या आत्याने तो ऐकून विचारलं होतं, "मग शहापुरात काय करतेस? इथं समुद्र कुठाय?" तिला उत्तर देण्यातच माझी पाच वर्षं गेली.

उत्तर तसं सोपं आहे. नायट्रोजन दोन वजनांचा असतो, हलका आणि जड. खाणाऱ्याच्या अंगात त्यातला जड थोडा जास्त उरतो. समुद्रात शेवाळाला बारीक किडे खातात, किड्यांना जवळा ही इवलीशी कोळंबी, जवळ्याला मांदेली, मांदेलीला आणखी मोठा मासा, आणि पायरीगणिक जड भाग वाढत जातो. डाळभाताला इतक्या पायऱ्या नसतात. म्हणून माणसाचं नख तपासलं की तो कितव्या पायरीवर बसून जेवतो ते कळतं. माशाच्या चरबीतल्या आम्लांवरून तर त्याच्या साखळीच्या बुडाशी कोणतं शेवाळ होतं तेही सांगता येतं. सुक्या मासळीच्या गोणींतून समुद्र डोंगरातल्या वाड्यांपर्यंत किती पोचतो, हे मला मोजायचं होतं. कार्बनही मोजायचो, पण तिथे नाचणी घात करायची. नाचणीचा आणि समुद्राचा कार्बन जवळपास सारखाच दिसतो, त्यामुळे नुसत्या कार्बनवर भरवसा ठेवला असता तर अख्खा मुरबाड तालुका पाण्याखाली गेला असता.

हे सगळं गावात समजावून सांगायची वेळ आली की माझी जीभ अडखळायची. काका मला मागे सारायचे. "तुमच्या खाचरातलं शेण नि युरिया पावसात कुठं जातो? काळू नदीत. नदी जाते खाडीत. खाडीत शेवाळ माजतं, ते किडं खातात, किड्यांवर जवळा वाढतो. तो वाळवून परत तुमच्याच बाजारात येतो. म्हणजे आपलंच शेण आपण इकत घेतो, मीठ लावून!" लोक खो खो हसायचे आणि हात पुढे करायचे. माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण चाळीस पानांचं आहे, आणि त्यात याहून जास्त काही नाही.

उंबरमाळीकडच्या एका वाडीत मात्र हसवूनही काम होईना. नखं आणि केस परक्याच्या हाती द्यायचे नसतात, त्यावर करणी करतात, असं एका म्हातारीने ठणकावलं आणि सगळी वाडी तिच्या मागे उभी राहिली. मी विज्ञान सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात काकांनी खाली बसून आपली दहाही नखं कापली, पुडी बांधली आणि म्हातारीच्या हातात दिली. "ही माझी ठेव. मी तुझ्या नखांवर काय केलं तं तू माझ्यावर कर. फिट्टंफाट!" म्हातारीने पुडी कमरेला खोचली आणि हात पुढे केला. पुढे महिनाभर काका शिंकले की मी म्हणायचे, "म्हातारीने सुरुवात केली वाटतं."

काका माळकरी होते. वडिलांनी शेवटच्या दुखण्यात स्वतःच्या हाताने त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ घातली, तेव्हापासून वीसेक वर्षं त्यांनी मासळीला तोंड लावलं नव्हतं. आणि असा माणूस दिवसभर आमच्या दगडी खलात सुके बोंबील कुटायचा! कुटताना माळ सदऱ्याच्या आत ढकलायचे आणि वर कापड गुंडाळायचे. मी चिडवलं की म्हणायचे, "हात बाटला तं धुता येतो. तोंड बाटलं तं काय धुणार?" हात मात्र असे धुवायचे की नळाला घाम फुटावा. नखंही त्याच खलात कुटायची, म्हणून खल सात पाण्यांनी, नखांची कात्री वेगळ्या डब्यात, नखांचं टेबल वेगळं. मी एकदा त्या टेबलावर जेवणाचा डबा ठेवला तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मला एक असा माणूस हवाच होता, ज्याच्या अंगात समुद्राचा थेंब नाही. बाकीच्यांची नखं त्याच्याशी ताडून बघायची. काकांहून चोख माणूस कुठे मिळणार? दर महिन्याला पहिली पुडी त्यांची. तिचे आकडे मी आलेखावर मांडत गेले. दोन वर्षं ती रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ होती, आणि काका येणाऱ्या-जाणाऱ्याला ती कौतुकाने दाखवायचे. "ही मी," म्हणायचे.

मग एका उन्हाळ्यात तापाच्या साथीत काका सापडले. दीड महिन्याने परत आले ते निम्मे होऊन, आणि नाक गमावून. कसलाच वास येईना. "देवानं बरं केलं," ते म्हणाले, "या कामाला नाक नकोच होतं." हळूहळू अंग भरलं, गालांवर तुकतुकी आली. आणि दिवाळीच्या सुमाराला ती सरळ रेघ वर चढायला लागली.

मी यंत्रवाल्यांशी भांडले. यंत्र ठीक होतं, कारण त्यांच्या ठरलेल्या प्रमाण नमुन्यांचे आकडे जागच्या जागी होते. आजारात अंग झिजलं की नायट्रोजन चढतो, पण मग तो उतरायला हवा. हा तर चढतच होता. शेवटी उरलं एकच कारण, आणि ते मी माझ्या हाताने अहवालात लिहिलं: माशाची पूड नखांत मिसळली असण्याची शक्यता. माझ्या प्रबंधाचे मार्गदर्शक असलेल्या सरांनी तो वाचून निर्णय दिला. काकांनी यापुढे नमुन्यांना हात लावायचा नाही. आणि खल जर अस्वच्छ असेल तर वर्षभराची सगळीच नखं संशयास्पद, ती टाकून द्यायची की नाही ते पुढच्या भेटीत ठरवू.

 काकांनी खल धुतला, पुसला, माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि बाहेर नळापाशी जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी झाडू मारता मारता एवढंच म्हणाले, "बाय, तुलाबी वाटतं का मी हात नाय धुतले?" मी म्हटलं, "तसं नाही काका, शक्यता म्हणून लिहिलंय." त्यांनी मान डोलावली. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

लाजेच्या पोटी मी एका रविवारी चार पिशव्या घेऊन मुरबाडपलीकडच्या त्यांच्या गावी गेले. त्यांच्या खाण्यातलं काही वेगळं निघालं तर त्यांचे हात सुटतील, एवढीच आशा. काका बैलाचं औषध आणायला गेले होते. काकूंनी तांदूळ दिले, तुरीची डाळ दिली, नाचणीचं पीठ दिलं. मी म्हटलं, "ती लसणीची चटणीही द्या थोडी, काका फार वाखाणतात." काकूंचा बरणीकडे गेलेला हात तसाच थांबला.

"चटणी कशाला गो?"

मी रेघेचं सांगितलं, खलाचं सांगितलं, काका आता झाडू मारतात तेही सांगितलं. काकू खालीच बसल्या. "मीच केलं बाय ते. लोटा उचलवत नव्हता त्यांना. डॉक्टर बोलला, अंडी द्या, मच्छी द्या. हे बोलले, मेलो तरी चालंल. त्यांना चालंल, पण मला नाय ना चालणार! नाक तं गेलंच होतं. मी जवळा भाजला, कुटला, फडक्यानं चाळला नि चटणीत घातला. पाप लागंल तं मला लागू दे."

"पण बरे झाल्यावर तरी थांबवायचं!"

"थांबवलं ना दोन दिस. जेवलेच नायत नीट. बोलले, चटणीला चव नाय."

मला हसू आवरेना आणि काकूंना रडू. निघताना त्यांनी माझा हात धरून वचन घेतलं की काकांना कळू द्यायचं नाही. परतीच्या गाडीत मात्र माझं हसू विरलं. मी खरं सांगितलं तर काकांचे हात स्वच्छ ठरणार होते आणि तोंड बाटणार होतं. गप्प राहिले तर तोंड वाचणार होतं आणि हातांवरचा डाग जन्मभर राहणार होता. शिवाय एकोणीस वाड्यांची नखं कचऱ्यात जाणार होती ती वेगळीच. आठ दिवस मी गप्प राहिले. शहाणपणाने नव्हे, घाबरून.

सर आले त्या दिवशी काका चहा घेऊन आत आले आणि कप ठेवून गेलेच नाहीत.

"सर, पुड्या फेकू नका. खल चांगला हाय. सुकट मी खातो."

सरांनी कप खाली ठेवला. "काका, तुम्ही माळकरी ना?"

"होतो," काका म्हणाले. तेव्हा माझं लक्ष गेलं. गळ्यात माळ नव्हती.

सर उठले आणि दगडी खल स्वतः उचलून काकांच्या टेबलावर नेऊन ठेवला. माणूस वाईट नव्हता.

मी काकांना नळापाशी गाठलं. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुझ्या रेघेनं. नख बोटाच्या टोकाला यायला पाच-सा महिने लागतात, हे मला तूच शिकवलंस ना? रेघ दिवाळीला चढली. मागं मोज. मी आजारातनं उठलो तो टाइम येतो. तवा माझं ताट कोण वाढत होतं? मग बरणीतली चटणी बोटांत चोळून बघितली; जवळ्याची पूड वळखायला मला नाक लागत नाय."

इतकी वर्षं यंत्राशी डोकं फोडणाऱ्या मला हा साधा उलटा हिशेब सुचला नव्हता. मी विचारलं, "काकूंना बोललात?"

"काय बोलू? बाईनं जवळा चाळून चाळून मला उभा केला, नि मी तिला जाब इचारू? नि मला कळलंय हे तिला कळलं तं ती चटणी बंद करंल." मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "चटणी बेस हाय गो."

माळ त्यांनी रुमालात गुंडाळून माझ्या खणात ठेवायला दिली. घरी सांगितलं, दोरा तुटलाय, ओवायला टाकलीय. ती ओवणं चार वर्षं चाललं. मी त्यांच्या घरी गेले की काकू विचारायच्या, "ओवून झाली का गो?" आणि मी सांगायचे की तो ओवणारा गावी गेलाय. भजनात काका आधी पुढे बसायचे, ते आता दाराजवळ बसून टाळ वाजवायला लागले. कधी बोलता बोलता त्यांचा हात गळ्याकडे जायचा आणि रिकामाच खाली यायचा. मी त्यांची सगळ्या गोष्टींवरून थट्टा केली, पण या एका गोष्टीवरून कधी केली नाही.

गेल्या वर्षी काका गेले. दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. तेराव्याला मी गेले तेव्हा पर्समध्ये ती माळ होती. काकूंना काय सांगायचं याचं वाटभर जुळवलेलं वाक्य त्यांच्यासमोर उभी राहिल्यावर विसरले आणि नुसता रुमाल पुढे केला. काकूंनी माळ हातात घेतली, मण्यांवरून बोट फिरवत गेल्या आणि गाठीपाशी थांबल्या.

"दोरा तं जुनाच हाय," त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघून जराशा हसल्या आणि माळ पदराच्या टोकाला बांधली.

मी खाली बघत राहिले. चार वर्षं मी दोघांची गुपितं सांभाळतेय असं समजत होते, आणि त्या घरात सांभाळण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

मग काकांच्या नावाचं पान वाढलं. भात, वरण, वड्या, नाचणीची भाकरी. शेवटी काकूंनी वाटीतून चिमूटभर काहीतरी काढून भाकरीशेजारी ठेवलं. काकांचे थोरले भाऊ, तेही माळकरी, वाकून बघतात तर काय, लसणात परतलेला लालसर जवळा.

"अगो, भान हाय का तुला? माळकरी माणसाच्या पानावर जवळा?"

"र्‍हाऊ द्या भावजी," काकू पदर सावरत म्हणाल्या. "आज पूड नाय केली. अख्खा ठेवलाय."