मामंजींनी नळात लावलेली गाजरं

सासूबाई गेल्या त्या वर्षी मामंजी, म्हणजे माझे सासरे, आमच्याकडे राहायला आले. पन्नासच्या दशकातली गोष्ट. चिंचवडच्या बाजूला कारखान्याच्या वसाहतीत आम्हाला नुकत्याच दोन खोल्या मिळाल्या होत्या. पुढे चार हात अंगण. हे कारखान्यात फिटर. बार्शीकडे आमची थोडी काळी जमीन होती, ती थोरले दीर बघायचे. मामंजींचा सगळा जन्म त्या जमिनीत गेलेला. इथे सकाळी उठून चहा झाला की पुढे काय करायचं हे त्यांना कळत नसे. मग ते माझी निवडलेली डाळ पुन्हा निवडायचे.

एक दिवस त्यांनी शेजारून पहार आणली आणि अंगण खणायला घेतलं. वर मुरूम, खाली काळा खडक. पहारेतून ठिणग्या उडाल्या. तासाभराने ते घामाघूम होऊन पायरीवर बसले.

"सूनबाई, ह्ये आंगन न्हाई, पाटा हाय," म्हणाले.

त्याच सुमाराला वसाहतीत गटारांचं काम संपत आलं होतं. चिनी मातीचे तपकिरी, चकचकीत नळ ओळीने अंथरून झाले होते आणि टवके उडालेले, चिरा गेलेले नळ एका बाजूला टाकून दिले होते. मामंजी त्या ढिगाभोवती दोन दिवस फिरले. तिसऱ्या दिवशी मुकादमाला विचारून त्यांनी दहा नळ घरी आणले. त्यातल्या पाचांना मध्येच एक आखूड फाटा होता, वर तोंड करून बाहेर आलेला. एकात एक बसवून त्यांनी दारासमोर पाच नळ उभे केले. माझ्या खांद्याला लागतील एवढे.

"ह्यात काय लावणार?" यांनी विचारलं.

"गाजर. गाजराला रुंदी लागत न्हाई. खोली लागती. खाली जागा न्हाई, मग वर जायाचं."

जवळच्या रहाटणी गावच्या एका शेतकऱ्याने बैलगाडीतून गाळाची माती आणि कुजलेलं शेणखत आणून दिलं. गाजराला खडा आडवा आला की ते फाटे फोडतं, म्हणून मामंजींनी ती सगळी गाडीभर माती चाळून घेतली. माझ्या पिठाच्या चाळणीने. मी नवी चाळणी आणली. दसऱ्याच्या आधी बी पडलं. वरच्या तोंडात थोडं, फाट्यांच्या तोंडात थोडं. वर पाणी घालायला मामंजी स्टुलावर चढायचे आणि पुढे वाकून नळात बघत राहायचे. येणारीजाणारी माणसं थांबून विचारायची, काही पडलं का आत?

बी उगवण्याआधीच आरोग्य निरीक्षक आला. नवीन लागलेला, तरणा, फार प्रामाणिक माणूस. काखेत मोठी वही. त्याने आमच्या दारासमोरचे पाच नळ पाहिले, मग आपला नकाशा पाहिला, मग पुन्हा नळ पाहिले.

"आजोबा, हे वायुनळ कुणी बसवले?"

"कसले नळ?"

"गटारातली हवा बाहेर जायला असतात ते. नकाशात या ओळीला एकही नाही."

"ह्यात गाजरं हायेत."

निरीक्षकाने वाकून नळात पाहिलं. आत नुसती माती. तो समजुतीने हसला.

"वास येतो का?"

"शेणखताचा येतो की."

त्याने वहीत लिहिलं: वास येतो.

मी पुढे होऊन सांगितलं की हे गटाराला जोडलेले नाहीत, हवं तर हलवून बघा. त्याने एक नळ हलवून पाहिला. मातीने भरलेला, जाग्यावरून हलला नाही. "पक्के बसवलेत," म्हणाला आणि तेही लिहिलं.

आठवड्यात एक माणूस डासांची जाळी घेऊन आला आणि वरच्या पाचही तोंडांवर बांधून गेला. मागोमाग रंगारी आला. त्याने पांढऱ्या रंगात एक ते पाच आकडे घातले. मग घरी कागद आला: वायुनळ वसाहतीच्या मालकीचे असून रहिवाशांनी त्यांना हात लावू नये. यांनी तो दोनदा वाचून दाखवला.

"म्हंजी गाजरं सरकारी झाली?" मामंजींनी विचारलं.

"नळ वसाहतीचे झाले, बाबा. गाजरांबद्दल काही लिहिलेलं नाही."

यांनी कचेरीत जाऊन अर्ज दिला. तिथे सांगितलं की वायुनळ काढायचा तर आधी तो कधी मंजूर झाला ते बघावं लागेल. तो मंजूर झालेलाच नव्हता, त्यामुळे काढताही येत नव्हता.

खरं संकट पुढेच होतं. दर सोमवारी वायुनळांत फिनेल ओतायचा हुकूम निघाला. पहिल्या सोमवारी सफाईचा माणूस बादली घेऊन आला, तेव्हा मामंजी नळांसमोर स्टूल टाकून बसले होते, मांडीवर काठी आडवी. तोपर्यंत जाळीखाली हिरवे कोंब दिसायला लागले होते. माणूस बीडकडचा, शेतकरी घरातला. त्याने जाळीतून पाहिलं आणि बादली खाली ठेवली.

"गाजर हाय व्हय, काका?"

मामंजींचे डोळे भरून आले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी बघून ओळखलं होतं.

"व्हय, बाबा. गाजरच हाय."

"पर मला हुकूम हाय. नळ धुतले आसं साहेबाला सांगावं लागतंय."

"मग धू की. पान्यानं धू."

तेव्हापासून दर सोमवारी तो फिनेल खऱ्या गटारात टाकायचा आणि नळांना दोन दोन तांबे स्वच्छ पाणी घालायचा. जाळी वर करून, दाटीतली रोपं उपटून विरळणीही त्यानेच केली. वहीत नोंद व्हायची: पाच नळ धुतले.

पौष उजाडला. पाला जाळीतून वर आला, फाट्यांतून बाहेर लोंबायला लागला. भोगीच्या भाजीला घरची गाजरं मिळणार म्हणून ओळीतल्या बायका मला आधीच सांगून ठेवत होत्या. आणि भोगीच्या आदल्या दिवशी सकाळी निरीक्षक तपासणीला आला.

"पाचही नळ तुंबलेत!" तो म्हणाला. "ही झाडं आत्ताच्या आत्ता काढली पाहिजेत."

"काढा की," मामंजी म्हणाले. "आमाला हात लावायची बंदी हाय."

निरीक्षकाने बाह्या सारल्या, एक नंबरची जाळी सोडली आणि पाला धरून ओढला. लालभडक, हातभर लांब, सरळ गाजर बाहेर आलं. तो ते हातात धरून तसाच उभा राहिला.

"हे गटारातून वर आलं?"

त्याने दुसरं ओढलं, तिसरं ओढलं. मग त्याच्यातला प्रामाणिक माणूस जागा झाला. त्याने वही काढून लिहिलं: अडथळा, गाजर. आणि एकेक मोजून मी पुढे केलेल्या टोपलीत टाकायला लागला.

तोवर बायका जमल्या होत्या. पण टोपली भरत चालली तशी एकेक जण मागे सरकू लागली. शेजारीण हळूच म्हणाली, "वहिनी, राग नका मानू. पण साहेबांनीच नळ गटाराचे लिहिलेत ना? देवाला कसं चालेल?"

मामंजींनी ते ऐकलं. त्यांचा चेहरा एवढासा झाला. तीन महिने हुकूम, जाळी, फिनेल सगळं सोसलं. हे त्यांना सोसलं नाही. ते उठले, एक गाजर धोतराला पुसलं आणि सगळ्यांसमोर उभ्याने कराकरा खायला लागले. संपवलं, पाल्याचा शेंडा तेवढा उरला. दुसरं घेतलं. कुणी हसलं नाही.

निरीक्षक बघत होता. त्याने वही मिटली, टोपलीतलं एक गाजर उचललं, रुमालाला पुसलं आणि चावलं. थोडा वेळ चावत राहिला.

"गोड आहे," म्हणाला. मग वळून बायकांना म्हणाला, "हे नळ गटाराला जोडलेले नाहीत. मी लिहून देतो."

त्याने खरंच लिहून दिलं, सहीनिशी. शेजारणीने तो कागद वाचला आणि मग पदर पुढे केला.

पण ते लिहिणं वर गेलं आणि वरच्या साहेबांना पहिल्यांदाच कळलं की आमच्या ओळीला खरोखर एकही वायुनळ नाही. फाल्गुनात गवंडी आले, आमचे नळ उचलून बाजूला ठेवले आणि तिथेच एक उंच लोखंडी वायुनळ बसवला. त्याला वास यायचा. मामंजी दोन दिवस त्याच्याकडे बघत बसले आणि उन्हाळ्यात गावी गेले ते तिकडेच राहिले.

पुढच्या थंडीत आम्ही बार्शीला गेलो. शेतात ज्वारी होती, हरभरा होता, बांधाला करडई होती. मी विचारलं, "मामंजी, गाजरं नाही लावली?"

"न्हाई बाई," ते म्हणाले. "हितं काय, टाकलं की येतंय. कोन बगायला बी येत न्हाई."