कोरडं जाळं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. सांगली स्टँडवर आबा मला एसटीत बसवायला आले होते. खिडकीशी उभं राहून म्हणाले, "लोकं काय बी म्हणूंद्यात. माझ्यापायी गाव सोडू नगंस." मी बॅग मांडीवर घेऊन समोरच्या सीटकडं बघत राहिलो. त्यांना वाटत होतं, बापावरच्या आळानं पोरगा लाजलाय. आळ खोटा आहे हे त्यांना माहीत होतं. तो कुणामुळं आला, ते फक्त मला.

आमची भोई गल्ली कृष्णेच्या काठाला. डोहात जाळं टाकायची प्रत्येक घराची पाळी ठरलेली. त्या उन्हाळ्यात मी जवळच्या एका साखर कारखान्यात नुकताच लागलो होतो, मळीच्या पाण्याच्या टाक्यांवर. टाकी काठोकाठ भरली तेव्हा साहेब म्हणाले, "थोडं सोड रं ओढ्याला. नदीला काय कळतंय?" ओढा डोहाच्या वरच नदीला मिळतो, हे साहेबांना एकवेळ ठाऊक नसेल. मी त्याच पाण्यात पोहायला शिकलेलो. तरी व्हॉल्व्ह फिरवला. नोकरी अजून कायम व्हायची होती.

दुसऱ्या दिवशी डोहातले मासे तोंड वर काढून तडफडायला लागले. मरळीसारखा चिवट मासासुद्धा उलटा तरंगत होता. पोरंसोरं बादल्या घेऊन पळाली, पण गल्लीतली जाणती माणसं आमच्या दारात आली. दारात आबांचं जाळं टांगलेलं होतं, कोरडं ठणठणीत. पाळी आबांची आणि जाळं कोरडं! म्हणजे जाळ्याशिवायच मासे मारले, असा सगळ्यांचा हिशेब. खरं तर आबा आदल्या दिवशी औंधला यमाईला गेले होते, म्हणून जाळं टाकलंच नव्हतं. मला नोकरी लागल्याचा नवस फेडायला.

"ब्लीचिंग टाकलंस, आन् वर देवाला जाऊन आलास व्हय रं?" चुलते म्हणाले. चोरून ब्लीचिंग टाकून मासे धरायचे प्रकार नदीवर आधीही झाले होते.

"यमाईची आण, दादा. मी न्हाई."

कुणीतरी मागून म्हणालं, "कारखान्याचं पाणी बी असंल की. पोरगा टाकीवरच हाय, इचारा त्याला."

सगळे माझ्याकडं वळले. आबाही वळले. त्यांच्या डोळ्यांत आशा होती, ती मी बघितली.

"आमच्याकडनं काय सुटलं न्हाई," मी म्हणालो.

झालं. आबांची पाळी गेली, ती आजतागायत परत आली नाही. महिन्याभरात मी गाव सोडलं. आधी मंगळूरला मासळीच्या कारखान्यात राबलो, मग एजंटामार्फत इथं आलो, नॉर्वेच्या उत्तर टोकाला. खाडीत सॅल्मन माशांचे गोल पिंजरे आहेत, काठाला मोजकी घरं, हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही. माझं काम माशांच्या उवा मारायचं. आबांना फोनवर हे सांगितलं तर लय हसले. "मासळीला बी उवा? मग फणी कुठनं आनतासा रं?"

फणी नाही, औषध असतं. मासे औषधाच्या पाण्यात बुडवायचे आणि ते पाणी खाडीत सोडायचं. औंदा इथल्या आयनार नावाच्या म्हाताऱ्या मच्छीमाराच्या जाळ्यात मेलेली कोळंबी यायला लागली. इथंही गाव गोळा झालं, शाळेच्या हॉलमध्ये. आमचा मॅनेजर म्हणाला की कोळंबीच्या जागेवर काहीच सोडलेलं नाही. आयनार खाली बघत बसला होता. मी उठलो. माझ्या मोडक्यातोडक्या नॉर्वेजियनमध्ये म्हणालो, "सोडलंय. मीच सोडलंय." एवढं बोलून खाली बसलो. आता माझी शिफ्ट बर्फाच्या गोदामात आहे आणि पुढचं कॉन्ट्रॅक्ट मिळेल असं वाटत नाही.

आबांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं.

"नोकरी जाईल की रं."

"जाऊंद्या."

आबांनी फोन तोंडाजवळ धरला. मग म्हणाले, "लय बेस केलंस, लेका. आपल्या डोहावर तवा असा एक बी गडी उठला न्हाई बघ."

तिथंच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "आबा, रेंज जातीय," आणि फोन कापला. रेंज उत्तम होती.

आयनारसाठी उठताना मला फारशी हिंमत लागली नाही, हे आता कळतंय. इथं मी कुणाचा पोरगा नाही, पुतण्या नाही. नोकरी गेली तर दुसरी बघेन. तिकडं मात्र मला अजून सगळे 'आबांचा शिकलेला पोरगा' म्हणतात. गाव म्हटलं की लोकांना नदी आठवते, घाट आठवतो. मला आबांचं माझ्याकडं वळलेलं तोंड आठवतं. इतकी वर्षं मी पैसे पाठवले, घरावर स्लॅब टाकला, पण दिवाळीला कधी गेलो नाही.

हे लिहिलेलं छापून येण्याआधी मला गावी पोचायचं आहे. आबांना वाचता येत नाही. दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्यांनी हे ऐकू नये. गल्ली गोळा करून, त्यांच्यासमोर, पाणी मी सोडलं आणि खोटं मी बोललो, एवढं सांगायचं आहे. आबांची डोहावरची पाळी मी त्यांना देणं लागतो.